बिझनेस क्लासचं तिकीट काढलंत, पण सीट कुठली घेतलीत?

"बिझनेस क्लास आहे ना, मग कुठेही बसलं तरी काय फरक पडतो?" हे मी ठाण्यात इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी असं म्हणालं की मी आधी विचारते, विमान कुठलं आहे? कारण फरक पडतो आणि चांगलाच पडतो. एकच कंपनी, एकच रूट, जवळपास एकच भाव, आणि तरी एकाला दार लावून घेता येईल अशी छोटी खोलीच मिळते आणि दुसऱ्याला तिघांच्या रांगेतली मधली सीट. तिकिटावर दोघांच्याही बिझनेस असंच छापलेलं असतं.

हा प्रश्न पडणारी माणसं आपल्याकडे हल्ली भरपूर झालीयेत. घोडबंदर रोडची कुठलीही सोसायटी घ्या नाहीतर नेरूळ-खारघरची, कोणाची मुलगी न्यू जर्सीला, कोणाचा मुलगा लंडनला, आणि आईबाबांचे गुडघे बोलायला लागले की मुलं म्हणतात की या वेळी इकॉनॉमी नको. कोणी ऐरोलीच्या ऑफिसच्या खर्चाने जातं, कोणी क्रेडिट कार्डाचे पॉइंट जमवून जमवून. पैसे कुठून का आलेले असेनात, मुंबई-न्यूयॉर्क नॉनस्टॉप म्हणजे पंधरा-सोळा तास, लंडन दहाच्या आसपास, आणि आपल्याकडची लांबची बरीच विमानं मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. तेव्हा जेवण, लाउंज, ते छोटं पाउच वगैरे सगळं ठीक आहे, पण खरे पैसे जातात ते झोपेसाठी. मी खाली जे काही सांगतेय ते सगळं झोपेच्या हिशोबाने, ज्यांना रात्रभर सिनेमे बघायचेत त्यांनी खुशाल कुठलीही सीट घ्यावी.

आधी जरा जागेचं गणित, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. माणूस आडवा झाला की त्याला साधारण साडेसहा फूट लांबी लागते आणि दोन फुटांच्या आत-बाहेर रुंदी. बोइंग ७७७ ची केबिन आतून साधारण एकोणीस फूट रुंद आहे, ७८७ ची अठरा. त्यातून दोन आइल, म्हणजे चालायच्या वाटा, वजा करा. आता विमान कंपनीला प्रत्येकाला सरळ झोपवायचं असेल तर प्रत्येक रांगेला साडेसहा फूट द्यावे लागतील, आणि वर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता यावं म्हणून रांगेत चारच माणसं बसवायची म्हटली तर सगळ्या केबिनमध्ये मोजकी डोकी बसतील आणि भाडं परवडणार नाही. मग इंजिनिअर लोकांनी दोन युक्त्या काढल्या. एक, तुमचे पाय पुढच्या माणसाच्या बाजूच्या टेबलाखाली घालायचे, म्हणजे वरची जागा त्याची आणि खालची तुमची. दुसरी, सगळ्यांना तिरकं बसवायचं, म्हणजे तिरप्या रेषेत लांबी मिळते. आज बाजारात ज्या चांगल्या सीट आहेत त्या जवळपास सगळ्या या दोन युक्त्यांचीच पोरं आहेत, आणि त्यांच्यातले सगळे फायदे-तोटेही तिथूनच येतात.

पण तिथे पोचायच्या आधी एक मोठी चाळणी लावायची असते. सीट झोपते का? हसू नका, खरंच विचारा. तीन प्रकार असतात. रिक्लायनर, म्हणजे मागे जाते पण खुर्चीच राहते. मग ती अँगल्ड, सपाट होते पण उतारावर, त्यामुळे रात्रभर माणूस हळूहळू पायाकडे घसरत राहतो आणि पहाटे हनुवटी छातीला लागलेली असते. आणि तिसरी पूर्ण सपाट, १८० अंशांत, तिला लाय-फ्लॅट म्हणतात. भारतातल्या भारतात, मुंबई-दिल्ली वगैरे, जे बिझनेस असतं ते बहुतेक रिक्लायनरच, दोन-दोन सीटचं, आणि दोन तासांसाठी ते पुरतं. पण लांबच्या प्रवासालाही पुढच्या केबिनमध्ये रिक्लायनर असू शकतं. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टर सुरू केलं ते नॉर्स या नॉर्वेच्या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या ७८७ वर, आणि त्यातलं पुढचं जे 'स्ट्रेच' आहे ते २-३-२ असं ऐसपैस रिक्लायनर आहे. ते वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, भावाच्या मानाने बऱ्याच जणांना ते चालेल, पण आईला आडवं होता आलं पाहिजे असं तुमच्या डोक्यात असेल तर ते बुक करण्याआधी कळलेलं बरं. गुगल फ्लाइट्सवर बिझनेस निवडून फ्लाइटचे डिटेल उघडलेत की बऱ्याचदा लिहिलेलंच असतं की सीट लाय-फ्लॅट आहे, अँगल्ड आहे, की स्वतंत्र सुइट. लोक भाव बघतात आणि ती ओळ वाचतच नाहीत.

सपाट आहे हे कळलं की मग आकडे वाचायचे. १-२-१, २-२-२, २-३-२. हे म्हणजे एका रांगेत माणसं कशी बसलीत ते, आणि डॅश म्हणजे आइल. १-२-१ मध्ये प्रत्येकाला थेट वाट आहे, कोणालाच कोणाला ओलांडावं लागत नाही. २-२-२ मध्ये दोन्हीकडच्या खिडकीतली माणसं अडकतात. २-३-२ मध्ये खिडकीवाले अडकतातच, शिवाय तिघांमधला मधला. एअर इंडियाच्या जुन्या ७७७ वर २-३-२ होतं, जुन्या ७८७-८ वर २-२-२, आणि जानेवारी २०२४ पासून ताफ्यात आलेल्या एअरबस ए३५० वर १-२-१, दारासकट. जुनी विमानं आतून नवी करायचं कामही त्यांनी काढलंय. म्हणजे एकाच कंपनीत तीन तऱ्हा. एमिरेट्सचंही तसंच, ए३८० च्या वरच्या मजल्यावर १-२-१ आणि जुन्या ७७७ वर २-३-२, आणि आता ती ७७७ सुद्धा एकेक करून १-२-१ होतायत. लुफ्तान्साच्या जुन्या बिझनेसमध्ये २-२-२ आहे आणि जोडीतल्या दोघांचे पाय एकमेकांकडे वळलेले असतात, शेजारी नवरा-बायको असतील तर ठीक, अनोळखी माणूस असेल तर झोपेत पाय लागला की दोघंही दचकतात. त्यांचं अलेग्रिस नावाचं नवं बिझनेस मे २०२४ पासून आलंय, त्यात १-२-१ आहे आणि सीटचे इतके प्रकार आहेत की ते निवडणं हाच एक कार्यक्रम होतो.

आता २-२-२ बद्दल एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे जोडप्याने जाणारी ज्येष्ठ मंडळी नेमकी इथे फसतात. आमच्या मजल्यावरचे काका-काकू मुलीकडे निघाले होते, मुलीने तिकडून बुकिंग केलं आणि मला म्हणाली, ताई, आईला खिडकी आवडते म्हणून खिडकी आणि तिच्या शेजारची अशी जोडी घेतलीये, बरोबर ना? मी म्हटलं, काकूंना रात्री किती वेळा उठावं लागतं? दोन-तीनदा तरी. मग रात्री तीन वाजता काका पाय ताणून सपाट झोपलेले असणार, त्यांच्या पायांवरून गुडघेदुखीवाल्या काकू अंधारात ढांग टाकून जाणार का? एक तर त्या काकांना उठवतील, नाहीतर त्या पाणीच पिणार नाहीत, आणि लांबच्या विमानात पाणी न पिणं आणि न उठणं या दोन्ही गोष्टी त्या वयात नकोत, पाय सुजतात, रक्त साकळायची भीती असते. २-२-२ मध्ये वयस्क जोडप्याने मधली जोडी घ्यायची. काका एका आइलला, काकू दुसऱ्या आइलला, दोघंही शेजारीच, आणि कोणालाच कोणाला ओलांडायचं नाही, दुसरं कोणी त्यांना ओलांडून जाणार नाही. नकाशावर ती जोडी दिसायला एकदम मामुली वाटते, खिडकी नाही ना काही, म्हणून ती बऱ्याचदा शेवटपर्यंत रिकामी असते. याउलट २-२-२ मधली खिडकीच्या शेजारची आइल सीट एकट्याने जाणाऱ्याने मुद्दाम घेऊ नये, कारण खिडकीतला माणूस रात्री तुमच्यावरूनच जाणार.

१-२-१ मिळालं की निम्मी लढाई जिंकलात, पण निम्मीच. कारण मघाच्या दोन युक्त्या आठवा.

पहिली युक्ती, पाय टेबलाखाली, तिला स्टॅगर्ड म्हणतात, म्हणजे सीट एक आड एक सरकवलेल्या. एका रांगेत खिडकीची सीट अगदी खिडकीला चिकटून असते आणि टेबल वाटेच्या बाजूला, मागच्या रांगेत उलटं, टेबल खिडकीला आणि सीट वाटेला लागून. नकाशावर दोन्ही "विंडो" दिसतात. पहिलीत तुम्ही टेबलाच्या आड बसता, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का नाही, ट्रॉली खांद्याला घासत नाही, डोळ्यांवर वाटेतला उजेड येत नाही. दुसरीत तुम्ही जवळपास वाटेतच झोपलेले असता. एकच भाडं, एकच केबिन, आणि अनुभव इतका वेगळा. ओळखायची खूण म्हणजे अक्षरं. बऱ्याच कंपन्या एक आड एक रांगेत अक्षर बदलतात. एमिरेट्सच्या ए३८० वर बघा, ए आणि के असेल तर खिडकीला चिकटून, बी आणि जे असेल तर वाटेकडे. मधल्या दोघांचंही तसंच, ई आणि एफ एकमेकांना लागून, डी आणि जी एकमेकांपासून लांब, मध्ये टेबलं. नवरा-बायकोला गप्पा मारत जायचं असेल तर ई-एफ, आणि ऑफिसचा सहकारी शेजारी असेल तर देवाशपथ ई-एफ घेऊ नका, अनोळखी माणसाच्या उशीला उशी लावून झोपणं हा काही सुखाचा प्रकार नाही. स्विसच्या ७७७ आणि ए३३० वर अशाच मांडणीत काही एकट्या सीट आहेत, दोन्ही हातांना टेबल, त्यांना लोक थ्रोन सीट म्हणतात, सिंहासनच, आणि कंपनीलाही ते माहितीये म्हणून त्यांचे वेगळे पैसे लागतात.

दुसरी युक्ती तिरकी बैठक. यात दोन पोटजाती. एकीत, तिला हेरिंगबोन म्हणतात, डोकं खिडकीकडे आणि पाय वाटेकडे, म्हणजे खिडकी तुमच्या पाठीमागे राहते. व्हर्जिन अटलांटिकने २००३ च्या सुमाराला ही आणली आणि त्यांच्या ७८७ वर अजून तशीच आहे, प्रत्येकाला स्वतःची जागा मिळते पण बाहेर बघायचं तर मान वळवावी लागते, आणि झोपायच्या वेळी उठून उभं राहून सीट उलटी करावी लागते तेव्हा पलंग होतो. दुसरी जात याच्या उलट, तोंड खिडकीकडे, पाय खिडकीकडे, पाठ वाटेकडे, हिला रिव्हर्स हेरिंगबोन म्हणतात. माझ्या मते झोपायला हीच सगळ्यात भरवशाची. यात सगळ्या खिडकीच्या सीट सारख्याच असतात, अक्षरं बघत बसायला लागत नाही, वाटेतली वर्दळ पाठीमागे राहते. ब्रिटिश एअरवेजचं २०१९ साली आलेलं क्लब सुइट हीच मांडणी, वर दार. त्यांचं त्याआधीचं क्लब वर्ल्ड अजून काही विमानांवर सापडतं, त्यात रांगेत सात-आठ माणसं आणि खिडकीतली सीट मागे तोंड करून. तिथे खिडकी छान वाटते पण बाहेर पडताना शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे.

मागे तोंड करून म्हटलं की आपल्याकडे लगेच नाकं मुरडतात. लोकलमध्ये गाडीच्या दिशेची विंडो मिळावी म्हणून ठाण्याला जी काय धावपळ चालते ती आपण सगळ्यांनी केलीये, पण ती वाऱ्यासाठी असते आणि विमानात वारा नसतो. टेक-ऑफच्या वेळी पट्ट्यात लटकल्यासारखं दोन-चार मिनिटं वाटतं, मग विमान सरळ झालं की कुठे तोंड आहे ते कळतही नाही. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी जाऊ दे, बाकीच्यांनी घाबरू नये. कतारचं क्यूसुइट २०१७ साली आलं त्यात तर एक आड एक सीट मागे तोंड करून आहे, आणि गंमत म्हणजे खिडकीला चिकटलेल्या ए आणि के त्याच आहेत, पुढे तोंड असलेल्या बी आणि जे वाटेकडे. म्हणजे "उलटी नको" म्हणणारा माणूस स्वतःहून कमी आडोशाची सीट घेऊन बसतो.

दाराबद्दल लोक फार हळवे आहेत. दार म्हणजे छातीएवढ्या उंचीचा सरकता पडदाच, वरून सगळं उघडं, आवाज येतो तो येतोच. उजेड आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर अडते हे खरं, पण मला विचाराल तर दारापेक्षा पायाची जागा बघा. पाय ज्या खोबणीत जातात ती, तिला फुटवेल म्हणतात, तीच खरी मेख. पाय टेबलाखाली घालायची युक्ती म्हणजे पायाला मिळणार तेवढंच ते कपाट. पाठीवर झोपणाऱ्याला चालतं, कुशीवर झोपणाऱ्याचे गुडघे आणि पावलं त्यात अडकतात, पाय फिरवायचा म्हटला की आधी बाहेर काढा, वळा, परत घाला. उंच माणसांचं तर विचारूच नका. यावर तोड म्हणजे केबिनची सगळ्यात पुढची रांग, बल्कहेड, जिच्यासमोर भिंत असते. पुढे कोणाची सीटच नाही, त्यामुळे बऱ्याच विमानांत तिथे पायाची जागा बरीच रुंद मिळते. सहा फुटी माणसाने, कुशीवर झोपणाऱ्याने, किंवा ज्याचा पाय प्लॅस्टरमधून नुकताच निघालाय त्याने डोळे झाकून ही रांग घ्यावी. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या, तान्ह्या बाळाची टोपली अडकवायची जागा याच भिंतीवर असते, आणि भिंतीपलीकडे बहुतेक वेळा गॅली नाहीतर टॉयलेट. म्हणजे पाय सुखात आणि कान दुःखात. इअरप्लग घ्या.

गॅली म्हणजे विमानाचं स्वयंपाकघर. आपल्याकडून सुटणाऱ्या विमानात तर जेवण रात्री तीनला वाढतात, ट्रे आपटतात, कॉफीचं मशीन घूं करतं, क्रू आपसात गप्पा मारतात, पडदा उघडला की सरळ तोंडावर दिवा. त्यामुळे गॅलीपासून दोन-तीन रांगा तरी लांब. टॉयलेटचंही तेच, अगदी समोर नको, पण आईबाबांना फार लांबही नको, अंधारात चालावं लागतं. नकाशावर कपाची खूण म्हणजे गॅली, माणसांची खूण म्हणजे टॉयलेट. काही विमानांत चढायच्या दाराच्या पलीकडे एक छोटी केबिन असते, दोन-तीन रांगांचीच, तिथे जाणं-येणं कमी, ती मिळाली तर सोडू नका. आणि विमान हलतं म्हणून घाबरणारे असतील तर पंखाजवळच्या रांगा घ्याव्यात, तिथे धक्के कमी जाणवतात, पुढे-मागे जास्त. आवाज मात्र इंजिनाच्या पुढे कमी असतो. दोन्ही एकदम मिळत नाही, काय सतावतं ते आपलं आपण ठरवायचं. अजून एक, नकाशावर खिडकीची सीट दिसते म्हणून तिथे खिडकी असेलच असं नसतं. मध्येच एखाद्या ठिकाणी नुसती भिंत असते, आणि एवढे पैसे भरून पंधरा तास पांढऱ्या प्लॅस्टिककडे बघायचं म्हणजे कठीण आहे.

हे सगळं बघायचं कुठे? विमान कंपनीच्या बुकिंगमधला नकाशा ढोबळ असतो, चौकोन चौकोन, कुठली सीट कुठे सरकलीये ते त्यात कळत नाही. एअरोलोपा नावाची साइट आहे, तिथे बऱ्याच कंपन्यांच्या विमानांचे नकाशे मापात काढलेले असतात, खिडक्यासुद्धा जिथे आहेत तिथेच. त्यासाठी विमानाचा कोड लागतो. बुकिंगमध्ये बारीक अक्षरात लिहिलेला असतो, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ७८८ आणि ७८९ म्हणजे ७८७ ची दोन मापं, ७७डब्ल्यू म्हणजे मोठं ७७७, ३८८ म्हणजे ए३८०. कोड कळला की नकाशा उघडा आणि आधी १-२-१ आहे का बघा, मग अक्षरं, मग भिंती. दहा मिनिटांचं काम आहे.

कोड बघण्याचा अजून एक फायदा. ७८७ आणि ए३५० मध्ये केबिनमधली हवा साधारण सहा हजार फूट उंचीवर असते तशी ठेवतात, जुन्या विमानांत ती आठ हजारांपर्यंत जाते, शिवाय या नव्यांत ओलावाही जास्त असतो. घसा कमी कोरडा पडतो, डोकं कमी जड होतं. दोन फ्लाइट सगळ्या बाबतीत सारख्या असतील तर मी या विमानांची घेईन.

आता आखाती मार्गाने जाणाऱ्यांसाठी. मुंबई-दुबई तीन तास, मुंबई-दोहा साडेतीनच्या आसपास. त्यातून टेक-ऑफ, जेवण, उतरायची घोषणा वगैरे वजा केली की झोप किती उरते? तासभर, फार तर दीड. म्हणजे पहिल्या टप्प्यात सीट कशी आहे त्याने काही बिघडत नाही, सगळी ताकद दुसऱ्या, बारा-चौदा तासांच्या टप्प्यावर लावायची. पॉइंट कमी पडत असतील तर फक्त लांबच्या टप्प्याला बिझनेस घेता येतं का ते बघा. मुलंही बऱ्याचदा पहिल्या टप्प्याचं विमान बघून खूश होतात आणि दुसरं बघतच नाहीत. शक्य असेल तर ज्येष्ठांना नॉनस्टॉपच बरी, मध्यरात्री परक्या विमानतळावर गेट शोधण्यापेक्षा एकच लांब झोप चांगली, थोडी जुनी सीट असली तरी. यावर वाद घालणारे आहेत, माझं मत हेच आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली तेव्हापासून वाशी-बेलापूरवाले खुशीत आहेत, पण सुरुवात तिथे देशातल्या देशातल्या फ्लाइटनी झाली. तेव्हा तिकिटावर कुठलं विमानतळ आहे ते दोनदा वाचा. सहारचं टी-टू असेल तर ऐरोलीचा पूल आणि मुलुंडचा नाका धरून वेळ काढावाच लागतो, आणि घोडबंदरवाल्यांना तर मी काही सांगायची गरजच नाही.

एवढं करूनही सीटवर बसल्यावर काही गोष्टी लागतात. लाय-फ्लॅट सीट कडक असते, खुर्चीचेच तुकडे जोडून पलंग झालेला असतो, जोड कमरेखाली येतो. क्रूकडे गादीचा पातळ थर आहे का ते मागा, बऱ्याच कंपन्या ठेवतात, न मागता कधी देतात कधी नाही. हाताचा दांडा खाली जातो का बघा, तो खाली गेला की खांद्यापाशी चार बोटं रुंदी वाढते आणि बरेच लोक रात्रभर तो वर ठेवूनच झोपतात. तिरक्या सीटवर पट्टा जाड आणि जड वाटेल, कधी खांद्यावरूनही येईल, घाबरू नका, विमानाच्या सरळ रेषेपासून १८ अंशांपेक्षा जास्त तिरकं बसवलं की डोकं आपटू नये म्हणून जास्तीची सोय करावी लागते, बऱ्याचदा त्या जाड पट्ट्यात एअरबॅग असते. आईबाबांना बटणं नीट दाखवायला क्रूला आधीच सांगा. आपल्याकडची माणसं कोणाला त्रास नको म्हणून विचारत नाहीत आणि सीट अर्धवट वाकवून तशीच बसून रात्र काढतात, हे मी खूप बघितलंय. पट्टा पांघरुणाच्या वरून लावायचा, म्हणजे विमान हललं तरी तपासायला कोणी उठवत नाही. आणि जेवण लाउंजमध्येच उरका, नाहीतर घरूनच पोळीभाजी खाऊन निघा, विमानात शिरल्या शिरल्या सांगा की मला उठवू नका. दहा तासांच्या फ्लाइटमध्ये पहिले दोन तास जेवणात गेले आणि शेवटचे दीड तास नाश्त्यात, तर झोपायला उरलं काय?

पैशांचं एक. बिझनेस घेतलं म्हणजे सीट निवडणं फुकट असं नसतं. ब्रिटिश एअरवेज बऱ्याच बिझनेस तिकिटांवरही आधी सीट निवडायचे वेगळे पैसे घेते, लुफ्तान्सा अलेग्रिसमधल्या चांगल्या जागांचे घेते. पैसे द्यायचे नसतील तर चेक-इन उघडतो त्या क्षणाला फोन हातात घेऊन बसायचं, कारण चांगल्या सीट तेव्हा मिनिटांत जातात, आणि काही जण अपग्रेड मिळाल्यावर जुन्या सीट सोडतात त्याही तेव्हाच मोकळ्या होतात.

आणि सीट निवडली, झालं, असं करून विसरू नका. विमान बदलतं. ए३५० च्या जागी जुनं ७७७ येतं, नकाशा बदलतो, आणि सिस्टिम तुम्हाला कुठेतरी ढकलून देते, कधी ईमेल येतो कधी येत नाही. नवरा-बायको वेगळे, खिडकीवाला मध्ये. महिन्याभराने एकदा, आठवडा आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा बुकिंग उघडून कोड आणि सीट नंबर तोच आहे ना एवढं बघायचं. बदललेलं दिसलं तर लगेच फोन करायचा, विमानतळावर जाऊन बघू असं नाही, कारण तोवर इतर लोकांनी फोन केलेला असतो. फोनवर "माझी सीट बदलली" एवढंच म्हणून थांबू नका, नवा नकाशा उघडा ठेवा आणि नेमकी सीट मागा, "तीन ए रिकामी दिसतेय, ती द्या" असं. समोरच्यालाही तेच सोपं जातं. मूळ तिकीट काढताना सपाट सीटचं विमान होतं आणि आता रिक्लायनर आलं असेल तर दुसऱ्या दिवसाच्या फ्लाइटवर फुकट बदलून मागा, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आणि काउंटरवर शेवटच्या क्षणी कळलंच तर मधली जोडी मागा, ती बऱ्याचदा शिल्लक असते.